पालथी हलगी

एका राज्यात, ज्याचं नाव विचारू नका, कारण मला ही गोष्ट सांगणाऱ्यानंही ते सांगितलं नाही, एक तलाव होता. तलाव एवढा मोठा, की सकाळी या काठावरून उडालेला बगळा त्या काठाला टेके तेव्हा ऊन डोक्यावर आलेलं असे. त्याला दगडी बांध होता. बांधाच्या पायथ्याशी निंबारे नावाचं गाव होतं, तीनशे उंबऱ्यांचं, आणि त्या गावाचं सगळं जगणं त्या पाण्यावर होतं.

त्या राज्यात एक रीत होती. राजाचा हुकूम निघाला की हलगीवाला गावोगावच्या चावडीसमोर येई, हलगी वाजवी, हुकूम सांगे. एवढं कुठंही होतं. पण इथला हलगीवाला सांगून झालं म्हणून निघून जात नसे. हलगी जमिनीवर पालथी ठेवून तो शेजारी मांडी घालून बसे. गावानं तीन प्रश्न विचारल्याखेरीज हलगी उचलायची नाही, असा नेम. ते तीन प्रश्न पाठ करून तो राजाकडे नेई आणि आठ दिवसांत उत्तरं घेऊन परत येई. कधी गावाला काही सुचतच नसे. मग कोणी म्हातारी विचारी, राणीसाहेबांचा खोकला कसा आहे? हलगीवाला तेही नेई, आणि खोकल्याचंही उत्तर येई.

पुढं इंद्रकेतू नावाचा राजा गादीवर आला. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. वाईट राजाची गोष्ट सांगायला सोपी असते, ही तशी नाही.

एके सकाळी बांधाचा कारभारी त्याच्यासमोर हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "महाराज, बांधाच्या मोरीत फट दिसते आहे. केसाएवढी."

राजा हिशेब करू लागला. पिकं उभी होती. ही गोष्ट फुटली तर निंबारे पळेल, शेतं उघडी पडतील, वाटेत म्हातारीकोतारी चेंगरतील. आधी दुरुस्त करू, मग सांगू, असं त्यानं ठरवलं. तोवर गोष्ट बाहेर जाऊ नये म्हणून त्यानं झाकणनाथाला बोलावणं धाडलं. झाकणनाथ हा त्या काळचा मोठा मांत्रिक. राजेरजवाड्यांची गुपितं झाकून ठेवणं हा त्याचा धंदा.

"काय झाकायचं?" त्यानं विचारलं.

"एक फट."

"फट मला झाकता येत नाही. फटीची बातमी झाकता येते."

"तेवढं पुरे."

"एक सांगून ठेवतो, महाराज. माझं झाकण एका बाजूनं बसत नाही. जे बाहेर जाणार नाही, ते आतही येणार नाही."

राजाला घाई होती. "बसव," तो म्हणाला.

झाकणनाथानं हवेत तळहात पालथा केला आणि निघून गेला. त्या घटकेपासून असं झालं, की दरबारचं माणूस बोललं की रयतेला नुसते ओठ हलताना दिसत. आणि रयतेनं दरबारासमोर तोंड उघडलं, किंवा कागद पुढं केला, की त्याचा खडा होई. लाल, पिवळा, निळा, चांगला लखलखीत खडा.

राजानं लगेच बांधाच्या दुरुस्तीचा हुकूम काढला, फटीचं नाव न घेता. हलगीवाला निंबाऱ्याच्या चावडीसमोर उभा राहिला, हलगी वाजली, ओठ हलले, आणि कोणालाच काही ऐकू आलं नाही. त्यानं नेमाप्रमाणे हलगी पालथी ठेवली. लोकांनी विचारलं, काय म्हणालास? तर त्याच्या मांडीवर तीन पाचू येऊन पडले. तो घाबरून ते घेऊन वाड्यावर गेला. राजाला वाटलं, रयत खूष होऊन नजराणे पाठवते आहे. फटीबद्दल पुढं कोणाची तक्रार आली नाही, त्या अर्थी काम झालं, असं त्यानं धरलं आणि सुखानं जेवला. हलगी खुंटीला गेली.

अशी सात वर्षं गेली. अर्ज येत राहिले, खडे होत राहिले. खजिन्याचं एक दालन भरून दुसरं उघडलं. मिरवणुकीत लोक हात जोडून काही सांगू बघत आणि राजाच्या अंबारीवर माणकांचा सडा पडे. राजा हसून हात हलवी. लोक एकमेकांना म्हणत, हसतोय बघा. हळूहळू लोकांनी सांगणं सोडून दिलं.

निंबाऱ्यात येसू नावाची एक बाई होती. ती पाटकरीण. तलावाचं पाणी कोणत्या पाटाला कधी सोडायचं, हे काम तिच्या घराण्याकडे होतं. नवरा आणि मुलगा एकाच तापात गेल्यावर ते तिच्याकडे आलं. घरात ती आणि तिची सून साळू, दोघीच. साळूला नववा महिना लागला होता. मुलाचं जे काही मागं उरलं होतं ते तेवढंच, म्हणून येसूचा सगळा जीव त्या पोटात होता. घर बांधाच्या अगदी पायथ्याशी.

बांधाच्या पोटात मोरी होती, दगडी आणि अंधारी, वाकून चालावं लागे. तिथं पाटकऱ्याशिवाय गावातल्या कोणी जायचं नाही, असा दंडक. येसू रोज आत जाई. सहा वर्षं ती फट झोपून होती, सातव्या वर्षी जागी झाली. येसूनं एक दिवस तिच्यात बाभळीची पाचर ठोकली, काडीएवढी. दुसऱ्या दिवशी पाचर सैल होऊन खाली पडलेली. तिनं त्याहून जाड ठोकली. तीही पडली. रोज जुनी पडे, रोज नवी जाड लागे. पडलेल्या पाचरी ती ओच्यात घालून घरी आणी आणि चुलीमागं टाकी. विचारलं तर म्हणे, सरपण आहे.

तिनं दरबारात तीन अर्ज केले. तिन्ही वेळा देवडीवरच्या शिपायाच्या हातात कागदाचा पुष्कराज झाला. शिपाई बिचारा कानकोंडा होऊन ओठ हलवत राही.

तिसऱ्या वेळी परत येताना ती बांधावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. तेव्हा दगडांतून एक टिटवी चालत आली. लांब पिवळे पाय, मानेला काळा पट्टा.

"रडून घे," टिटवी म्हणाली. "मग माझं ऐक. तुझ्या मनगटाएवढी पाचर लागेल, त्या दिवशी हा बांध जाईल. आज कितीची लागली?"

"अंगठ्याएवढी."

"म्हणजे नऊ दिवस."

येसू म्हणाली, "बाई, तू अशीच ओरडतेस म्हणून लोक तुला अपशकुनी म्हणतात."

"ओरडते ते खरं असतं म्हणून म्हणतात," टिटवी म्हणाली. "माझी अंडी या दगडांत आहेत. माझाही जीव टांगणीला आहे. राजावर झाकण बसलं आहे. ज्यानं बसवलं त्याच्याकडे चल. मी वाट दाखवते."

दुसऱ्या दिवशी पाचर ठोकून येसू निघाली. टिटवी पुढं उडे, थांबे, ओरडे, पुन्हा उडे. तीन डोंगर ओलांडल्यावर चौथा डोंगर दिसला, तो सबंध एक झाकण होता. मधोमध धरायची मूठ, कडेनं गवत उगवलेलं. टिटवीनं मुठीवर चोच आपटली, तसा डोंगर बाजूनं उचलला गेला आणि येसू आत शिरली.

आत गाडगी होती. नजर पोचेल तिथवर, छताला भिडलेली, हजारो गाडगी, आणि प्रत्येकाच्या तोंडावर झाकण. प्रत्येक गाडगं हलक्या आवाजात काही पुटपुटत होतं. एका गाडग्यात कोण्या सम्राटाला मांजराची भीती वाटे, तेवढंच होतं. एका गाडग्यात एक सबंध लढाई होती, जी कधी जिंकलीच नव्हती. ते सगळं पुटपुटणं मिळून असा घुमारा उठत होता, की येसूच्या छातीत थरथर सुटली. एवढं मोठं मौन तिनं कधी ऐकलं नव्हतं. ती हात जोडून उभी राहिली, कोणाला ते तिलाही कळेना.

झाकणनाथ एका पाटावर बसून गाडगी पुसत होता. म्हातारा, बारीक, स्वच्छ धोतर.

"काय झाकायचं?" तो म्हणाला.

"उघडायचं आहे."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. "झाकायला सगळे येतात," तो म्हणाला. "उघडायला तू पहिलीच. कोणाचं?"

येसूनं सगळं सांगितलं. झाकणनाथानं ऐकून घेतलं, मग फळीवरून एक रिकामं गाडगं काढलं आणि तिच्यापुढं ठेवलं.

"यात तीन गोष्टी भर. ज्यानं सांगितलं तर त्याचंच नुकसान होईल, अशा माणसाच्या तोंडचं खरं. ज्याला विचारायची भीती वाटते, त्याच्या तोंडचा प्रश्न. आणि उंच आसनावर बसलेल्या माणसाच्या तोंडचं, मला ठाऊक नव्हतं. तिन्ही आत गेली की झाकण आपोआप निघेल."

"मागितली तर देतील का कोणी?"

"मागून घेतलेलं चालणार नाही. दरडावून नाही, पढवून नाही. आपणहून आलं पाहिजे. म्हणूनच तर माझा धंदा बरा चालतो."

येसू गाडगं घेऊन परत फिरली. जाता येता चार दिवस गेले. मोरीत वाकून गेली तेव्हा जुनी पाचर पाण्यात तरंगत होती, आणि नवी दोन अंगठ्यांएवढी लागली.

खरं सांगितलं तर नुकसान होईल असा माणूस शोधायला तिला फार विचार करावा लागला नाही. गावात कान्हू नावाचा म्हातारा पाथरवट होता. ऐन तारुण्यात तो बांध त्यानंच रचला होता. त्याला सगळे बांधाचा कान्हू म्हणत. लग्नाच्या पंगतीत पहिलं पान त्याचं असे आणि नवरदेव आधी त्याच्या पाया पडे.

येसू त्याच्या ओट्यावर जाऊन बसली. गाडगं शेजारी ठेवलं. काय विचारावं हे तिला कळेना, आणि विचारायची तर सोयच नव्हती. म्हणून तिनं आपलंच सांगितलं. फट सांगितली, पाचरी सांगितल्या, नऊ दिवसांतले पाच गेले तेही सांगितलं. गावात हे तिनं पहिल्यांदाच कोणाला सांगितलं होतं. 

कान्हूनं आपल्या हातांकडे पाहिलं.

"डाव्या हाताला ना?" तो म्हणाला. "तिसऱ्या थरात?"

"होय काका."

"तिथं खडक लागला नव्हता. मी सात हात खणलं, मुरूमच. आणखी खणायला हवं होतं. पण तेव्हाच्या राजाचा मुहूर्त दुसऱ्या दिवशीचा. मी मुरमावरच दगड बसवला आणि वरून चुना फिरवला. चाळीस वर्षं मी पहिल्या पानावर जेवतो, येसू. घास गिळताना मला तो दगड आठवतो."

शेजारचं गाडगं एकदम गरम झालं आणि जड झालं. येसूनं ते उचललं. कान्हूनं विचारलं, "गाव आता मला काय म्हणेल?" येसू त्याच्या पाया पडली आणि निघाली.

दुसरी गोष्ट मात्र सापडेना. ज्याला विचारायची भीती वाटते असा माणूस गावात कोण, हे ती दारोदार हिंडून बघू लागली. सगळे तिच्याशी बोलत, पाण्याची पाळी विचारत, कशी आहे साळू म्हणत. भीती कोणालाच नव्हती. दोन दिवस असे गेले. आठव्या दिवशी सकाळी पाचर मनगटाला थोडी कमी एवढी लागली. येसू घरी आली, गाडगं कोपऱ्यात ठेवलं आणि जात्याजवळ मटकन बसली.

साळू चुलीपुढं होती. ती मुलखाची भिडस्त. या घरात आल्यापासून सासूपुढं तिचा आवाज कधी चढला नव्हता. ती पोट सावरत उठली, चुलीमागं गेली, आणि हातात एक जुनं लुगडं घेऊन आली. ते तिनं जमिनीवर उलगडलं. आत पाचरी होत्या. धुतलेल्या, पुसलेल्या, एकीशेजारी एक, काडीएवढीपासून जवळजवळ मनगटाएवढीपर्यंत ओळीनं लावलेल्या.

"आत्याबाई," ती म्हणाली, "एक विचारू का? रागावू नका."

"विचार."

"हे सरपण रोज जाड का होत चाललंय?"

कोपऱ्यातलं गाडगं जागचं हललं. येसूनं तिकडं पाहिलंही नाही. तिला एवढी लाज वाटली, की मान वर होईना. पोरगी घाबरेल म्हणून आपण झाकलं, आणि पोरगी तीन आठवडे रोज पाचरी मोजून एकटीच घाबरत राहिली. राजाला आपण मनातल्या मनात किती शिव्या दिल्या. आपण तरी वेगळं काय केलं?

मग तिनं सगळं सांगितलं, काही न ठेवता.

साळू ऐकून भिंतीला टेकली. मग म्हणाली, "तुम्ही वाड्यावर जा. मी गावाला सांगते."

"लोक घाबरतील, साळू. पळापळ होईल."

"मीही घाबरले की आत्ता. पळाले का?"

येसूनं पाचरी लुगड्यात बांधल्या, गाडगं काखेत घेतलं. टिटवी तिच्या डोक्यावरच्या चुंबळीवर येऊन बसली. दुपारच्या आत ती वाड्याच्या देवडीत होती. शिपायानं तिला ओळखलं. आज त्यानं अर्ज मागितला नाही, नुसता बाजूला झाला.

दरबार भरला होता. येसूनं असं काही जन्मात पाहिलं नव्हतं. खांब पाचूंनी मढवलेले, जमीन माणकांची, छताला नीलम, आणि सगळ्यांतून असा उजेड फाकत होता, की तिला डोळे बारीक करावे लागले. ते सगळं लोकांचं बोलणं होतं. कोणाची विहीर आटली होती, कोणाची हद्द चुकीची पडली होती, कोणाचा मुलगा लढाईवरून आलाच नव्हता, आणि ते सगळं तिथं मुकाट्यानं चमकत होतं. येसूचे पाय त्यावर पडेनात.

राजा इंद्रकेतू सिंहासनावर होता. त्यानं तिच्याकडे पाहून ओठ हलवले. बहुधा या म्हणाला असावा.

"महाराज, बांध फुटतोय," येसू म्हणाली.

तिच्या तोंडातून एक माणिक पडलं आणि घरंगळत गेलं. दरबारी कौतुकानं माना हलवू लागले. ती मोठ्यानं म्हणाली, "उद्या फुटणार." त्याहून मोठं माणिक पडलं. मग ती ओरडली. सगळा जीव एकवटून तिनं साळूचं नाव घेऊन आक्रोश केला, आणि नारळाएवढा हिरा तिच्या पायांशी पडला. खजिनदार उठून उभाच राहिला. राजानं गळ्यातला कंठा काढून तिला बक्षीस द्यायला हात पुढं केला. तो खरंच खूष झाला होता, आणि तेच तिला सहन होईना.

टिटवी कर्कश ओरडली. दोघं चोपदार तिला हाकलायला धावले.

येसूनं तोंड मिटलं. कंठ्याकडे पाहिलंही नाही. ती खाली बसली, गाडगं पुढं ठेवलं, आणि लुगडं सोडून त्या माणकांच्या जमिनीवर एकेक पाचर मांडू लागली. पहिली काडीएवढी. तिच्याशेजारी करंगळीएवढी. तिच्याशेजारी अंगठ्याएवढी. साळूनं लावल्या होत्या तशाच. घाई केली नाही. प्रत्येक पाचरीवर तलावाच्या पाण्याची हिरवी रेघ होती आणि दगडाचा चुना चिकटला होता. शेवटची मांडून झाल्यावर तिनं आपला हात तिच्याशेजारी ठेवला. मनगट आणि पाचर, दोघांत दोन गव्हांचं अंतर उरलं होतं.

राजाचं हसू हळूहळू गेलं. त्यानं पहिली पाचर पाहिली. केसाएवढी फट त्याला आठवली. तो सिंहासनावरून उतरला. प्रधानानं काही सांगितलं, राजानं त्याला हातानं थांबवलं. तो त्या ओळीच्या टोकाशी उकिडवा बसला, आणि एकेक पाचर उचलून, वास घेऊन, बोटानं चुना खरवडून बघू लागला. शेवटची त्यानं दोन्ही हातांनी उचलली. ती त्यानं मांडीवर घेतली. भोवतालच्या खड्यांकडे त्यानं एकदा पाहिलं. मग त्याचे ओठ हलले.

येसूला ऐकू आलं नाही. गाडग्याला आलं.

गाडग्याला वरपासून खालपर्यंत तडा गेला, ते दुभंगलं, आणि राजाचा आवाज तिच्या कानी पडला. सात वर्षांत रयतेनं ऐकलेला तो पहिला आवाज. "मला ठाऊक नव्हतं," राजा म्हणत होता. "मला वाटलं, काम झालं."

आणि मग खडे बोलू लागले.

आधी जमीन बोलली. मग खांब. मग दालनांची दारं आतून धडधडली आणि सात वर्षांचं बोलणं एकदम बाहेर आलं. बायांचं, म्हाताऱ्यांचं, अर्धवट राहिलेलं, रडून सांगितलेलं, चिडून सांगितलेलं. महाराज, आमच्या गावचा पूल. महाराज, माझा मुलगा. महाराज, काय म्हणालात ते ऐकू आलं नाही. पाचूंचा रंग उडून खांब साधे लाकडाचे झाले, माणकांची जमीन शेणानं सारवल्यासारखी झाली, आणि नारळाएवढ्या हिऱ्यातून येसूचा स्वतःचा आक्रोश उठला, तेव्हा तिनंच कानांवर हात ठेवले. राजानं ठेवले नाहीत. तो सगळं ऐकत बसला. त्याच वेळी राज्यातल्या प्रत्येक चावडीसमोर रिकाम्या हवेतून राजाचे सात वर्षांचे हुकूम एकामागून एक ऐकू येऊ लागले, आणि निंबाऱ्याच्या लोकांनी ऐकलं, की बांध तात्काळ दुरुस्त व्हावा, असं महाराज सात वर्षांपूर्वीच म्हणाले होते.

"दिवस किती उरले?" राजानं येसूला विचारलं.

"उद्याचा धरू नका, महाराज. आजच."

"काय लागेल?"

"माती आणि माणसं गाव देईल. पण पाणी उतरल्याशिवाय फटीला हात लावता येणार नाही. बांधाच्या दुसऱ्या टोकाची राजमोरी उघडावी लागेल, आणि तिची किल्ली तुमच्याकडे आहे. ते पाणी तुमच्या बागेतून जाईल."

ती बाग राजाच्या आजीनं लावली होती. शंभर वर्षांचे आंबे, चंदन, राणीचे मोगऱ्याचे वाफे. राजानं कमरेची किल्ली सोडली. "चल," तो म्हणाला.

राजानं घोडा भरधाव सोडला, येसू मागच्या घोड्यावर, टिटवी वर. वाटेत राजाला एकच धास्ती होती. गाव पळत सुटलं असेल, रस्त्यावर माणसं चेंगरलेली असतील. पण रस्ता मोकळा होता. निंबाऱ्याच्या वेशीत एक माणूस गाठोडं घेऊन पळताना भेटला, तेवढाच. तो राजाला बघून ओशाळला आणि मागं फिरला.

बाकी सगळं गाव बांधावर होतं. साळूनं सांगितलं होतं, आणि लोकांनी घरातली टोपली, घमेलं, पाटी, जे मिळेल ते उचललं होतं. माणसांची रांग मुरमाच्या खाणीपासून मोरीच्या तोंडापर्यंत लागली होती आणि टोपल्या हातोहात सरकत होत्या. रांगेच्या टोकाशी कान्हू पाथरवट उभा होता. सगळ्या गावापुढं त्यानं आपल्या तोंडानं आपली चूक सांगितली होती, आणि गाव त्याला एवढंच म्हणालं होतं, की मग दगड कुठं बसवायचा ते तूच दाखव. साळू बांधाखालच्या घरात होती. तिच्या कळा सुरू झाल्या होत्या. तिला हलवता येत नव्हतं.

राजा घोड्यावरून उतरला. हे लोक घाबरतील म्हणून त्यानं सात वर्षं फटीचं काही सांगितलं नव्हतं. त्याचे डोळे भरून आले.

मग तो राजमोरीत उतरला. किल्ली गंजली होती. ती त्याला एकट्याला फिरेना, म्हणून येसूनं त्याच्या हातावर हात ठेवला, आणि दोघांनी मिळून फिरवली. पाणी असं गरजून निघालं, की डोंगरांनी ते दोनदा परत ऐकवलं. राजाचे आंबे, चंदन, मोगरा, सगळं त्या पाण्याखाली गेलं. तलाव हातभर उतरला, मग पुरुषभर. फट उघडी पडली. कान्हूनं जुना दगड काढवला, खालचा मुरूम उपसला, आणखी तीन हात खणल्यावर पहारीला खडक लागला. खणखणीत आवाज झाला. तो ऐकून म्हातारा तिथंच खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला.

दिवस मावळायच्या आत नवा दगड बसला. शेवटची टोपली राजानं टाकली, आणि त्याच वेळी बांधाखालच्या घरातून तान्ह्या मुलीचं रडणं ऐकू आलं. टिटवीनं वरून पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा ती हळू आवाजात ओरडली.

त्यानंतर आठव्या दिवशी निंबाऱ्याच्या चावडीसमोर हलगी वाजली. खुंटीवरची हलगी काढून राजा स्वतः घेऊन आला होता. हलगीवाला मागं उभा होता, कारण राजाला नीट वाजवता येत नव्हतं आणि तो मधून मधून ताल सांगत होता. राजानं हुकूम सांगितला. खजिन्यातल्या सगळ्या बोलण्याला एकेक करून उत्तर मिळेल. जिथं उत्तर नाही असं असेल, तिथं नाही म्हणून सांगितलं जाईल. जिथं ठाऊक नसेल, तिथं ठाऊक नाही म्हणून सांगितलं जाईल. मोरीत यापुढं दर अमावास्येला गावातला कोणीही जाऊन बघेल.

मग त्यानं हलगी पालथी ठेवली आणि धुळीत मांडी घातली.

कोणी काही विचारेना. सात वर्षांत लोकांची सवय मोडली होती. ते एकमेकांकडे बघत, खाली बघत, खाकरत. ऊन चढलं. राजा बसून राहिला. प्रधान अस्वस्थ होऊन पालखीकडे बघू लागला, राजानं त्याच्याकडे पाहिलं नाही. ऊन कललं तरी तो बसूनच होता, आणि लोकही उठले नाहीत.

तेव्हा गर्दीच्या मागून साळू पुढं आली. आठ दिवसांची मुलगी छातीशी, डोक्यावरून पदर. ती राजासमोर उभी राहिली. 

"महाराज," ती म्हणाली, "तुम्हाला तेव्हा काय वाटलं होतं? आम्ही पळून जाऊ?"

"होय," राजा म्हणाला.

साळूनं मान हलवली. एक उत्तर तिथल्या तिथं मिळालं, म्हणून लोकांना धीर आला. दुसरा प्रश्न कान्हूनं विचारला, तिसरा त्या गाठोडेवाल्यानं. चौथाही आला, पाचवाही आला. त्या दिवशी राजाला हलगी उचलायला सांज झाली.

अशी ही त्या राज्यावरचं झाकण निघाल्याची कथा. टिटवीची अंडी दगडांतच उबली, आणि निंबाऱ्यात आजही तिला कोणी हाकलत नाही. ती ओरडली की लोक आधी बांधावर जाऊन बघतात.

माझं सांगून झालं. पण त्या गावची रीत मीही पाळतो. ही हलगी मी पालथी ठेवली आहे आणि इथंच बसलो आहे. विचारा.